राजाने दत्तक का नाही घेतला

आई पहिल्यांदा अमेरिकेत आली तेव्हा तिला दिवसभर घरात करमेल कसं, याची काळजी मला होती. तिला नव्हती. ती कामाला आली होती. विमानतळावरून घरी येताना मी तिला अमेरिकन ट्रॅफिकची शिस्त मोठ्या कौतुकाने समजावून सांगत होतो, जणू ती शिस्त मीच लावली होती. मागच्या सीटवरून ती म्हणाली, "ते असू दे. मधल्याचं काय ठरवलंत तुम्ही दोघांनी?"

मधला म्हणजे माझ्या थोरल्या भावाचा मधला मुलगा. दादाला तीन मुलगे. आम्हाला मूल नाही. लग्नाला दहाएक वर्षं झालेली, इकडचे डॉक्टर झाले, तिकडचे झाले, एकदा गाणगापूरही झालं. तेव्हा आईने आणि दादाने साताऱ्यात बसून ठरवलं होतं की मधला आम्हाला दत्तक द्यायचा. तो सात वर्षांचा होता, हुशार होता आणि दादाच्या म्हणण्याप्रमाणे 'कुठेही रमणारा' होता.

आमच्या घराला यात काही नवीन नव्हतं. माझे वडीलच दत्तक. त्यांच्या मूलबाळ नसलेल्या काकांनी त्यांना लहानपणी मांडीवर घेतलं होतं. "काय वाईट झालं त्यांचं?" हा आईचा मुद्दा होता आणि तो बिनतोड होता, कारण वडिलांचं वाईट झालं असं म्हणावं तर मी कुठून आलो असतो?

बायको माझ्या शेजारी बसली होती. तिने गाडीची काच खाली केली आणि परत वर केली. मी म्हणालो, "बघू."

माझ्या आयुष्यातले बहुतेक मोठे निर्णय मी 'बघू' या शब्दाने घेतले आहेत.

आम्ही तेव्हा ओहायोत, डब्लिनमध्ये राहत होतो. ऐंशीच्या दशकाचा मध्य होता. मी एका विमा कंपनीच्या कॉम्प्युटर विभागात होतो आणि बायको गावातल्या लायब्ररीत अर्धा दिवस काम करायची. पुण्याहून इतिहासात एम. ए. झालेली बाई, तिथे परत आलेली पुस्तकं कपाटात लावायची. पण पुस्तक लावण्याआधी ती ते वाचून काढायची, त्यामुळे कपाट रिकामं आणि बाई भरलेली, असा प्रकार होता. काही वर्षांपूर्वी इंग्लंडच्या राजपुत्राचं लग्न टीव्हीवर दाखवलं तेव्हा ती पहाटे उठून सोफ्यावर बसली होती. मी डोळे चोळत विचारलं, "ड्रेस बघायला उठलीस?" ती म्हणाली, "नाही हो. वारसासाठी किती मोठा मांडव घालतात ते बघतेय." वर्षाच्या आत त्यांना मुलगा झाला. तेव्हा मराठी मंडळातल्या एक काकू पॉटलकच्या, म्हणजे प्रत्येकाने घरून एकेक पदार्थ आणायच्या जेवणाच्या, रांगेत तिला म्हणाल्या होत्या, "बघ, त्यांचंसुद्धा झालं!" तिने हसून त्यांच्या ताटात आणखी एक वडा वाढला. मी असतो तर वडा दिला नसता. आणखी तरी काय केलं असतं म्हणा.

तर आई आली आणि दुसऱ्याच आठवड्यात टीव्हीवर एक जुनी मालिका पुन्हा सुरू झाली. इंग्लंडचा तो राजा, ज्याने सहा लग्नं केली. आईला कपडे आवडले. "हा जाडा कोण?" असं विचारून ती समोर बसली आणि भाषांतराचं काम माझ्याकडे आलं.

माझं भाषांतर असं चालायचं: "हा राजा. ही राणी. हा तिच्यावर चिडलाय."

"का?"

"माहीत नाही. आता ही दुसरी. हिच्यावर खूश आहे."

"आणि पहिली?"

"पहिली आता नाहीये."

"नाहीये म्हणजे? मेली?"

मी पडद्याकडे नीट बघितलं. "नसावी. दुसऱ्या खोलीत असेल."

आई म्हणाली, "तू राहू दे. सूनबाई, तू सांग गं."

त्या दिवसापासून आमच्या स्वयंपाकघरात इंग्लंडचा इतिहास सुरू झाला. बायको दुपारी लायब्ररीतून आली की दोघी टेबलाशी बसायच्या. आई शेंगा निवडायची, बायको पोळ्यांची कणीक मळायची आणि राजघराणं पुढे सरकायचं. मी ऑफिसातून आलो की चहा मिळण्याआधी मला बातम्या मिळत. "अरे, पोपने नाही म्हणून सांगितलं!" आई मला दारातच सांगायची. हे साडेचारशे वर्षांपूर्वी घडलंय, असं सांगण्याची माझी टाप नव्हती.

बायको सांगायची फार सुंदर. तिने पुस्तकी शब्द सगळे बाजूला ठेवले होते. स्पेनची राजकन्या आधी थोरल्या राजपुत्राला दिली, तो वारला, मग दीर, म्हणजे हाच राजा, मोठा झाल्यावर त्याच्याशी लग्न लावलं. मुलं होत गेली आणि जात गेली. वाचली ती एकच मुलगी. राजाला मुलगा हवा. मुलगा नसेल तर गादीसाठी मारामाऱ्या होणार, कारण त्याच्या बापाने ती लढूनच मिळवली होती. हे सगळं ती कणकेत बोटं रुतवत अशी सांगायची की गल्लीतल्या कुणाची तरी हकीकत असावी. दहा वर्षांत मला तिने इतकं सलग काही सांगितलं नव्हतं. अर्थात मी विचारलंही नव्हतं.

राजाने पोपशी भांडण काढलं, दुसरी राणी आणली, तिलाही मुलगीच झाली आणि पुढे तिचं डोकं उडवलं, इथपर्यंत आल्यावर आईने शेंगांची परात बाजूला सरकवली.

"मी काय म्हणते," ती म्हणाली, "त्याने दत्तक का नाही घेतला?"

बायको थांबली. मी दाराशी बूट काढत होतो, मीही थांबलो.

"त्यांच्यात नव्हतं तसं," बायको म्हणाली. "रक्ताचाच लागतो त्यांना. तोही लग्नाच्या बायकोचा."

"भाऊबंदातला एखादा गोरागोमटा मुलगा मांडीवर घ्यायचा, होम करायचा, मोकळं व्हायचं. बायकोही राहिली असती आणि तिची मानही राहिली असती. एवढा मोठा राजा आणि एक साधी गोष्ट सुचली नाही त्याला?"

"नाही सुचली."

"मग अडाणीच म्हणायचे." आणि तिने माझ्याकडे बघितलं, विजयी. "ऐकलंस ना? आपल्याकडे काही वाईट नाही."

खरं सांगतो, मला ते पटलं. इतिहासाच्या कुठल्याही प्राध्यापकाने या राजाचा प्रश्न इतक्या थोडक्यात सोडवला नसेल. बायकोही हसली आणि म्हणाली, "आई, तुम्ही तिथे असायला हवं होतं." मग कणकेकडे वळली. तिचं हसू मात्र लगेच गेलं, तेवढं मला दिसलं.

कारण तिला तो मुलगा हवा होता. तिने मला सांगितलं नव्हतं, पण लायब्ररीशेजारच्या प्राथमिक शाळेत जाऊन ती दुसरीच्या वर्गाची चौकशी करून आली होती. इंग्रजी येत नसलेल्या मुलासाठी वेगळी बाई असते का, बस कुठे थांबते, सगळं. हे मला त्या शाळेच्या ऑफिसातून घरी फोन आला तेव्हा कळलं. "तुमचा मुलगा कधी येतोय?" असं त्या बाईंनी विचारलं आणि मी म्हणालो, बघू. इंग्रजीत.

चौथ्या राणीच्या वेळी मात्र खूप हशा झाला. राजाने चित्रकार पाठवून तिचं चित्र मागवलं, चित्र पाहून लग्न ठरवलं आणि प्रत्यक्ष बघितल्यावर तोंड फिरवलं.

"फोटोत सगळ्याच गोऱ्या दिसतात," आई म्हणाली.

"मला पण तसंच फसवलं," बायको म्हणाली. "यांनी पाठवलेल्या फोटोत गाडी होती. लांबलचक, निळी. मी म्हटलं, बरंय."

"मग?"

"रूममेटची निघाली."

"टेकून उभा होता ना तो?" आई म्हणाली. "मला तेव्हाच वाटलं. स्वतःच्या गाडीला कुणी इतकं टेकत नाही."

त्याच आठवड्यात शेजारच्या राज्यातल्या नोव्हायहून माझा कॉलेजातला मित्र आला. तिथल्या मोटारकंपनीत इंजिनियर, गाड्यांच्या दारांचं काम बघणारा. बोलणंही तसंच, दार धाडकन लावल्यासारखं. त्याला सगळं कळल्यावर तो जेवताना म्हणाला, "करून टाक यार! रेडीमेड मुलगा. डायपर नाही, रात्रीचं रडणं नाही. मी तर माझा डिलिव्हर झाल्यावर तीन वर्षं झोपलो नाही. व्हिसाचं काय?"

"वेळ लागतो म्हणे, पण होतं," मी म्हणालो.

"मग अडलंय कुठे?"

बायको आमटी वाढत होती. तिने विचारलं, "भावजी, तुमचा मुलगा दिलात का तुम्ही कुणाला?"

"काहीतरीच काय वहिनी!" तो म्हणाला आणि हसला. मग त्याच्या लक्षात आलं आणि त्याने बराच वेळ भात कालवला.

आई दोघांकडे बघत होती. मित्र गेल्यानंतरच्या सोमवारी, मी सर्दीने घरी होतो तेव्हा, तिने एक विचित्र गोष्ट केली. गोष्ट सहाव्या राणीपर्यंत आली होती, राजा म्हातारा झाला होता, पायाला जखम, उचलून न्यावा लागे. बायको रंगात आली होती. आई मध्येच म्हणाली, "ते राहू दे. त्या पहिलीचं पुढे काय झालं?"

"पहिलीचं?"

"स्पेनवालीचं. तू तिला दुसऱ्या घरात पाठवलंस आणि मग गोष्ट नव्या राणीमागे गेली. ती कुठे होती इतके दिवस?"

बायकोने हात धुतले आणि बसली. राजाने तिला लांबच्या, थंड, ओल आलेल्या घरात ठेवलं होतं, ती म्हणाली. राणी म्हणायला बंदी. बरोबर थोडीशी माणसं. आणि मुलगी दुसरीकडे.

"मुलगी दुसरीकडे का?"

"दोघी एकत्र राहिल्या तर हट्टाला पेटतील म्हणून. आईला सांगितलं, तू राणी नाहीस असं कबूल कर. मुलीला सांगितलं, तू राजकन्या नाहीस असं कबूल कर. दोघींनी नाही केलं."

"भेटू द्यायचे की नाही?"

"नाही."

"सणावाराला?"

"नाही. आई शेवटी आजारी पडली, तेव्हाही नाही. ती तिकडेच गेली. मुलगी वीस-एक वर्षांची होती."

मी बाहेरच्या खोलीत नाक शिंकरत होतो. स्वयंपाकघरातून काहीच ऐकू येईना म्हणून मी आत डोकावलो. आई शेंगेचा दोर हातात धरून बसली होती. काढत नव्हती आणि टाकतही नव्हती.

"ह्यांचं असंच झालं," ती म्हणाली.

ह्यांचं म्हणजे माझ्या वडिलांचं. मी दारातच उभा राहिलो.

आईने जे सांगितलं ते मी चाळिशीला आल्यावर पहिल्यांदा ऐकत होतो. वडिलांना काकांनी मांडीवर घेतलं तेव्हा ते सहा वर्षांचे होते. त्या दिवसापासून काकूला आई म्हणायचं आणि आईला काकू. एकाच वाड्यात दोन चुली, मधे अंगण. सुरुवातीला चुकायचे म्हणे, मग मार बसायचा, मग चुकायचे थांबले. घरातल्या ज्या फोटोला मी 'पलीकडची आजी' म्हणायचो ती त्यांची जन्मदाती. मला माहीत होतं, पण तोंडपाठ धड्यासारखं माहीत होतं.

"त्या गेल्या तेव्हा मी नवी सून होते," आई म्हणाली. "पाणी द्यायला, विधी करायला ह्यांचे धाकटे भाऊ पुढे. ह्यांना अधिकार नाही. दुसऱ्या घरचे झाले ना. सुतकसुद्धा ह्यांना कमी दिवसांचं. सगळ्यांच्या मागे उभे होते, हात मागे धरून, पाहुण्यासारखे. घरी आल्यावर मला म्हणाले, काकू गेली. मी म्हटलं, आई म्हणा की आता तरी, कोण ऐकतंय? तर म्हणाले, आता सवय नाही."

बायकोने हळूच तिच्या हातातला दोर काढून घेतला.

"चांगलं झालं त्यांचं," आई म्हणाली. "शिकले, घर मिळालं, मान मिळाला. काय वाईट झालं, मीच म्हणत होते ना." मग माझ्याकडे बघून, "तू काय उभा आहेस खांबासारखा? वाफ घेतलीस का?"

मी वाफ घ्यायला गेलो. टॉवेलखाली माणसाला तोंड लपवायची चांगली सोय असते.

संध्याकाळी बायको मला म्हणाली, "अहो, तो इथे आला तर मला आई म्हणेल. ते मला हवंय. पण मग तो वहिनींना काकू म्हणेल. त्यांना विचारलंय कुणी?"

मी म्हणालो, "दादा म्हणाला, तिची काही हरकत नाही."

"दादांनी सांगितलं. त्या काय म्हणाल्या?"

मला आठवेना. आठवेना म्हणजे, वहिनीचा आवाज मी दोन वर्षांत फोनवर ऐकलाच नव्हता. दादाच्या घरी फोन नव्हता. शेजारच्या डॉक्टरांकडे फोन करायचा, ते माणूस पाठवणार, दहा मिनिटांनी आपण परत करायचा. येणार दादा. डॉक्टरांच्या बैठकीत, त्यांच्या पेशंटांसमोर उभा राहून तो आमच्याशी बोलायचा आणि 'सगळे बरे आहेत' मध्ये वहिनी येऊन जायची.

आई सोफ्यावर वाती वळत बसली होती. तिला सगळं ऐकू गेलं होतं. ती म्हणाली, "रविवारी फोन लाव. आणि तिला बोलाव."

रविवारी सकाळी, म्हणजे तिकडे संध्याकाळी, मी फोन लावला. डॉक्टरांना सांगितलं की आईला वहिनीशी बोलायचंय. पुन्हा लावला तर दादा. "काय रे, तिच्याशी काय काम? माझ्याकडे सांग ना."

आईने फोन माझ्या हातातून घेतला. "तुझ्याशी मग बोलते. तिला दे."

स्वयंपाकघरात दुसरा फोन होता, त्याच लाईनचा. बायकोने तो उचलून कानाला लावला आणि मला जवळ ओढलं. दोघांचे कान एका रिसीव्हरला लावून आम्ही ऐकत होतो. पलीकडे खोकला, कुणाचं तरी मूल रडत होतं, मग वहिनीचा आवाज, एकदम परका वाटणारा. "नमस्कार करते, आई."

"तो शेजारी उभा आहे ना?" आईने विचारलं.

"हो."

"आणि डॉक्टरांकडे माणसं असतील."

"हो."

"मग तू काही बोलू नकोस. मी विचारते. तू नुसतं हो नाहीतर नाही म्हण. कुणाला काही कळायचं नाही."

मी बायकोकडे बघितलं. ही माझी आई, जिला मी टीव्हीचं बटण दाखवताना दोनदा सांगितलं होतं.

"मधल्याचं तुला त्याने विचारलं होतं का? नुसतं सांगितलं नाही, विचारलं होतं का?"

"नाही."

"तुझी तब्येत बरी आहे ना? म्हण हो."

"हो." पलीकडे वहिनी थोडी हसल्यासारखी वाटली.

"आता नीट ऐक. तो तुला काकू म्हणेल आणि हिला आई. हे तुला चालणार आहे का?"

लाईनवर खरखर सुरू झाली. इतका वेळ काही आलं नाही की मला वाटलं, लाईन कट झाली. बायकोने माझं मनगट धरलं होतं, ते दुखायला लागलं.

"नाही," वहिनी म्हणाली. मग पुन्हा, जरा मोठ्याने, जणू आपलाच आवाज तपासून बघत, "नाही, आई."

"बरं. फोन त्याला दे. आणि तू जवळच उभी राहा."

दादा आला. आई म्हणाली, "मधल्याचं रद्द. मी रद्द केलंय, बाकी कुणी नाही. मला इथलं हवापाणी पसंत नाही, मूल आजारी पडेल. लोकांनी विचारलं तर असंच सांग, म्हातारी फिरली म्हण. आणि घरी जाऊन तिला एक अक्षर बोलायचं नाही."

"अगं पण आई, सगळ्यांना सांगून बसलोय मी! शाळेतसुद्धा..."

"मग जाऊन नाही म्हणून सांग. पाय आहेत ना?"

पलीकडे थोडी ओढाताण झाली आणि एक बारीक आवाज आला. मधलाही बरोबर आला होता तर. "आजी, मी नाही येणार? मी वर्गात सगळ्यांना सांगितलंय अमेरिकेला चाललो म्हणून. ते आता मला हसतील."

याचा विचार आमच्यापैकी कुणीही केला नव्हता. आईने स्वयंपाकघराकडे बघितलं. माझ्याकडे तर एकच शब्द होता आणि तो मी गिळला.

बायकोने डोक्यानेच माझा कान रिसीव्हरपासून जरा बाजूला केला आणि फोन स्वतःच्या तोंडाजवळ नीट धरला. डोळे पुसायला तिचा दुसरा हात मोकळा नव्हता, त्यात माझं मनगट होतं.

"ऐक रे," ती म्हणाली, "वर्गात सांग, सुट्टीत चाललोय. आईला घेऊन येणार आहेस, म्हणून उशीर होतोय."

"आईला पण?"

"हो. तिला पण."

"तुम्ही कोण बोलताय?"

"मी?" ती म्हणाली. "मी काकू बोलतेय."